पिंपावरच्या खुणा : ब्रिटिश बिअरच्या प्रकारांविषयी

ब्रिटिश बिअरचे प्रकार किती, याचे उत्तर आपण कोणाला विचारतो त्यावर ठरते. स्पर्धेचा परीक्षक क्रमांक घातलेला तक्ता पुढे करतो. इंग्लंडमधल्या पबात उभा असलेला म्हातारा ‘बिटर, माइल्ड आणि बाटलीतली स्टाउट’ एवढ्यावर विषय मिटवतो. अबकारी अधिकारी, मग तो लंडनचा असो की नाशिकचा, चवीची चौकशीच करत नाही. तो टक्के विचारतो. या तिघांपैकी बिअर घडवण्यात सर्वांत मोठा हात तिसऱ्याचा आहे, असे माझे मत आहे आणि पुढची प्रकरणे त्याच अंगाने लिहिली आहेत. पोर्टर, स्टाउट, माइल्ड, बिटर, इंडिया पेल एल ही नावे कोणी निवांत बसून, घोट घेत ठरवलेली नाहीत. किती कर भरला, पिंप किती महिने पडून राहिले, कुठल्या बंदरातून गेले, किती शिलिंगांना विकले, याचे हिशेब त्यांत गोठलेले आहेत. मालेगावच्या माणसाला हे फार समजावून सांगावे लागू नये. इथले कापड सुताच्या काउंटवरून आणि पेठेतल्या मागणीवरून नाव घेते. ते अंगावर घालणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

मोसम नदीकाठी राहून टेम्सकाठच्या पेयावर पुस्तक लिहायचे कारण काय, असे कोणी विचारील. यंत्रमागांच्या खडखडाटाचे आणि चहाच्या हॉटेलांचे हे गाव. बिअरचा विषय इथे चारचौघांत निघत नाही, निघालाच तर आवाज खाली येतो. पण ब्रिटिश बिअरच्या एका प्रकारावर हिंदुस्थानचे नावच छापलेले आहे, आणि ज्या फौजांपाठोपाठ ती बिअर या देशात पसरली त्यांतल्या एकीने 1818 च्या उन्हाळ्यात मालेगावला जवळजवळ महिनाभर वेढा घातला होता. नारोशंकर राजेबहादूर यांनी 1740 च्या सुमारास बांधायला घेतलेला हा भुईकोट; आत अरब शिबंदी, बाहेर लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या तोफा. जूनच्या मध्याला किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, तोवर त्यांचे दोनशेच्या वर लोक मेले किंवा जायबंदी झाले होते. पुढे गावाला छावणीचा शेजार मिळाला. छावणी गेली, पण ‘कॅम्प’ हे नाव मालेगावच्या पत्त्यांत अजून आहे.

योगायोगाने बिअरच्या इतिहासातही ती वर्षे उंबरठ्यावरची आहेत. वेढ्याच्या आदल्या वर्षी, 1817 मध्ये, डॅनियल व्हीलर याने लंडनमध्ये माल्ट (मोड आलेले, वाळवलेले जव) काळा होईपर्यंत भाजण्याचे पेटंट घेतले आणि पोर्टरची चव कायमची बदलली. वेढ्यानंतर चार वर्षांनी बर्टन-अपॉन-ट्रेंट गावात सॅम्युएल ऑलसॉपने हिंदुस्थानसाठी आपली पहिली फिकी बिअर उकळायला घेतली. आधी ही दुसरी गोष्ट घेऊ, कारण आपल्याकडे ब्रिटिश बिअर म्हटले की पहिले नाव इंडिया पेल एलचेच निघते आणि त्याच्याभोवती दंतकथाही सर्वांत जास्त आहेत.

दंतकथा अशी. हिंदुस्थानातल्या तहानलेल्या गोऱ्या शिपायांना बिअर पाठवली की वाटेत नासायची. मग जॉर्ज हॉजसन नावाच्या कल्पक माणसाने भरपूर अल्कोहोल आणि भरपूर हॉप्स घालून एक नवीन बिअर शोधली आणि प्रश्न सुटला. यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य तपासून घ्यावे लागते. हॉजसन खरा. त्याची ब्रुअरी 1752 पासून लंडनच्या पूर्वेला बो या भागात होती, आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जिथे नांगर टाकत ते ब्लॅकवॉल तिथून हाकेच्या अंतरावर होते. जहाजांचे कप्तान आपल्या खासगी व्यापारासाठी माल शोधत. हॉजसन जवळ होता आणि दीड वर्षाच्या उधारीवर माल द्यायला तयार होता. त्याच्या यशाचा मोठा वाटा पाककृतीत नसून या उधारीत आहे. बिअरला जास्त हॉप्स घातले की ती टिकते, हे इंग्लंडच्या ब्रुअरांना त्याच्याही आधीपासून ठाऊक होते. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुले. कडवटपणा देतात आणि बिअर नासू देत नाहीत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या चार ते सहा महिन्यांच्या प्रवासात पिंपे विषुववृत्त दोनदा ओलांडत, आणि त्या उष्णतेत बिअर उलट लवकर मुरत असे. घरच्या तळघरात दीडदोन वर्षांनी येणारी चव मुंबईच्या धक्क्यावर सहा महिन्यांत येई.

अल्कोहोलचे म्हणाल तर ती त्या काळाच्या मानाने मुळीच कडक नव्हती. सहा-साडेसहा टक्के, म्हणजे आपल्या दुकानातल्या ‘स्ट्राँग’पेक्षा कमीच. आणि शिपाई? फौजेतला साधा गोरा शिपाई प्रामुख्याने पोर्टर पीत असे, काळी आणि स्वस्त. फिकी, कडवट, महागडी पेल एल होती अधिकाऱ्यांची, कलेक्टरांची, निळीच्या मळेवाल्यांची. मालेगावसारख्या छावणीत एकाच गावात दोन वर्गांची दोन पेये असत, हा बिअरच्या वर्गीकरणाचा एक निकष कुठल्याही तक्त्यात सापडत नाही.

हॉजसनच्या वारसांनी 1820 च्या दशकात उधारी बंद केली, भाव वाढवले, स्वतःच जहाजे भरून बाजार काबीज करायचा प्रयत्न केला. तेव्हा कंपनीचे संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनी ऑलसॉपला जेवायला बोलावले आणि हॉजसनची बाटली पुढे ठेवून विचारले, हे तुम्हाला जमेल का? ऑलसॉपलाही गरज होती. त्याच 1822 साली रशियाने जकात वाढवली आणि बर्टनच्या गोडसर, दाट एलचा बाल्टिक समुद्राकडचा बाजार बसला. ऑलसॉपचा माल्ट तयार करणारा जॉब गुडहेड याने पहिला नमुना चहाच्या किटलीत उकळला, असे सांगतात. बर्टनच्या विहिरींचे पाणी जिप्समयुक्त. त्यात हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ उतरतो आणि बिअर निवळशंख होते. थोड्याच वर्षांत बास आणि ऑलसॉप पुढे, हॉजसन मागे. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव तर 1829 मध्ये पहिल्यांदा छापून आले ते सिडनीच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत. म्हणजे ज्या देशाचे नाव बिअरला मिळाले तिथे ती अनेक वर्षे नाव नसतानाच प्यायली जात होती.

1839 मध्ये बर्टनला रेल्वे आली आणि निर्यातीची ही बिअर इंग्लंडभर पसरली. लंडनचे सेंट पँक्रास स्टेशन 1868 मध्ये उघडले, तेव्हा फलाटाखालच्या तळघरातले खांब बर्टनच्या पिंपांच्या मापाने उभे केले होते. आपल्याकडे त्याच्या तीनच वर्षे आधी थळ घाटातून रेल्वे वर चढली होती. एक जाता जाता सांगायचे तर, 1876 मध्ये ब्रिटनमध्ये ट्रेडमार्कची नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिला नंबर बासच्या लाल त्रिकोणाला मिळाला, आणि माने या फ्रेंच चित्रकाराच्या 1882 च्या बारच्या चित्रात तो त्रिकोण बाटलीवर दिसतो.

आता पोर्टर. या पुस्तकात सर्वांत जास्त पाने तिने घेतली आहेत, कारण औद्योगिक क्रांती बिअरमध्ये कशी शिरली हे पाहायला याहून चांगली जागा नाही. 1720 च्या दशकात लंडनमध्ये ही तपकिरी, हॉप्स घातलेली, मुरवलेली बिअर लोकप्रिय झाली. रस्त्यावर आणि नदीकाठी ओझी वाहणाऱ्या हमालांनी ती उचलून धरली म्हणून पोर्टर. राल्फ हारवुड नावाच्या पबवाल्याने 1722 मध्ये तीन पिंपांचे मिश्रण टाळण्यासाठी ती शोधली, ही कथा पुस्तकांतून फिरत असते. तिला त्या काळातला पुरावा नाही, ती प्रसिद्ध झाली ती 1802 नंतर. पोर्टर मुरायला महिनोन्‌महिने लागत. ज्याच्याकडे मोठे पिंप आणि थांबायला भांडवल, तोच टिकणार. व्हिटब्रेड, बार्कले पर्किन्स, ट्रूमन ही घराणी अशी मोठी झाली. पिंपांच्या आकाराची स्पर्धा 17 ऑक्टोबर 1814 रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या म्यू ब्रुअरीत फुटली, अगदी अक्षरशः. 22 फूट उंचीचे पिंप फुटून पोर्टरचा लोंढा शेजारच्या झोपड्यांत घुसला आणि 8 जण दगावले.

पोर्टर बदलली ती एका मोजयंत्रामुळे. 1784 मध्ये जॉन रिचर्डसनने ब्रुअरांसाठी सॅकॅरोमीटर आणला. माल्ट गरम पाण्यात भिजवून जो गोड रस काढतात त्याची घनता हे यंत्र दाखवते. पाण्याची घनता 1000 धरायची. 1060 आली की त्यातून साधारण सहा टक्के अल्कोहोल निघेल असा अंदाज बांधता येतो. यंत्र हाती येताच ब्रुअरांना कळले की स्वस्त म्हणून घेतलेला तपकिरी माल्ट प्रत्यक्षात महाग पडतो, कारण फिक्या माल्टमधून कितीतरी जास्त साखर निघते. त्यांनी फिका माल्ट वापरायला सुरुवात केली. पण मग रंग कुठून आणायचा? करपवलेली साखर वापरायला 1816 च्या कायद्याने बंदी केली. त्या अडचणीतून व्हीलरचा काळा माल्ट आला; चिमूटभर घातला की पुरे. म्हणजे आज ज्या भाजलेल्या, कॉफीसारख्या चवीवरून परीक्षक पोर्टरला गुण देतात, ती चव पोर्टरच्या पहिल्या शंभर वर्षांत नव्हतीच. स्टाउट म्हणजे मुळात कडक पोर्टर, इतकेच. आज या दोहोंत काटेकोर भेद शिकवणारे कोष्टक पाहिले की मला जातीच्या दाखल्याची आठवण होते.

कराकडे वळतो. इंग्लंडमध्ये बिअरवर अबकारी कर 1643 पासून, यादवी युद्धाच्या खर्चासाठी. सरकारच्या वहीत बिअर दोनच जातींची होती, कडक आणि हलकी. 1782 मध्ये मधली एक ‘टेबल’ बिअर आली. कडकच्या रकान्यात शिरल्यावर कर तेवढाच, मग ती थोडी कडक असो वा फार. साहजिकच मधल्या ताकदीची बिअर करण्यात कोणाला रस नव्हता. 1830 मध्ये बिअरवरचा कर उठला, फक्त माल्ट आणि हॉप्सवरचा राहिला. 1880 मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचाही काढला आणि रसाच्या घनतेवर कर लावला. रस कशापासून काढता हे विचारणे सरकारने सोडले. साखरेला संसदेने आधीच मुभा दिली होती; त्या दिवसापासून मका, तांदूळही उघडपणे इंग्लिश बिअरमध्ये आले. ‘पारंपरिक’ इंग्लिश बिटरमध्ये साखर घातलेली पाहून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ती परंपरा तिथल्या संसदेने घालून दिली आहे. आपल्याकडे मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा त्याच्या दोन वर्षे आधीचा, 1878 चा. तिकडे संसदेने ब्रुअरला मोकळीक दिली. इकडे सरकारने गावोगावच्या मोहाच्या भट्ट्या मोडून परवान्याच्या मोठ्या भट्ट्या आणल्या.

पिंपांवर मात्र सरकारच्या नव्हे, ब्रुअरच्या खुणा असत. एक्स, दोन एक्स, तीन, चार. जितके जास्त तितकी कडक, पण फक्त त्या घरापुरती. एकाच्या तीन एक्स दुसऱ्याच्या दोनांना भारी पडतील याची हमी नसे. के म्हणजे साठवणीची, जास्त हॉप्सची. स्कॉटलंडमध्ये पिंपाचा भावच नाव झाला : साठ शिलिंग, सत्तर शिलिंग, ऐंशी शिलिंग. भाव बदलले, युद्धे झाली, शिलिंग हे नाणेच चलनातून गेले, नाव राहिले. आजच्या तक्त्यात तेच लाइट, हेवी आणि एक्स्पोर्ट म्हणून बसले आहेत.

माइल्डची हकीकत मला सर्वांत मोलाची वाटते. आज माइल्ड म्हणजे काळसर, गोडसर, तीन-साडेतीन टक्क्यांची, खाणकामगार आजोबांची बिअर. एकोणिसाव्या शतकात माइल्डचा रंगाशी वा ताकदीशी संबंध नव्हता. ताजी, न मुरवलेली, आंबटपणा न चढलेली एल म्हणजे माइल्ड. मुरवलेली ती ‘ओल्ड’ किंवा ‘स्टेल’, आणि तिला भाव जास्त. 1830 च्या दशकात लंडनच्या साध्या एक एक्स माइल्डची घनता 1070 च्या घरात होती आणि रंग फिका होता. ही दणकट बिअर अर्ध्यावर आली ती पहिल्या महायुद्धात. नोव्हेंबर 1914 मध्ये दर पिंपामागचा कर 7 शिलिंग 9 पेन्सवरून एकदम 23 शिलिंग झाला. पाणबुड्यांमुळे धान्य येईना, दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार पिऊन गैरहजर राहतात म्हणून मंत्री लॉइड जॉर्ज संतापलेले, त्यात 1917 पासून घनतेवरच सरकारी मर्यादा. देशातल्या बिअरची सरासरी घनता 1052 वरून 1918 पर्यंत 1030 च्या आसपास उतरली. 1920 मध्ये कर 100 शिलिंग होता. ताकद पूर्वीइतकी परत वर गेली नाही. इंग्लिश बिअर सौम्य असते, तिथल्या लोकांना गप्पा मारत चार ग्लास पिण्याची सवय आहे, अशी संस्कृतीची वर्णने मीही आवडीने वाचतो. पण त्या संस्कृतीवर अर्थखात्याची सही आहे.

बिटर आणि पेल एल या दोन वेगळ्या बिअर आहेत का? ब्रुअरच्या वहीत पेल एल लिहिलेली असे, गिऱ्हाईक तिला बिटर म्हणे. वाद एवढाच. ऑर्डिनरी, बेस्ट, स्पेशल या पायऱ्या एकाच ब्रुअरीच्या दरपत्रकातल्या आहेत.

मग तक्ते आले कुठून? दोन धाग्यांनी. ब्रिटनमध्ये 1960 च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी लहान ब्रुअऱ्या गिळल्या आणि गाळलेली, पाश्चराइज केलेली, गॅस भरलेली केग बिअर सर्वत्र लादली. तिच्याविरुद्ध 1971 मध्ये काही तरुणांनी ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची चळवळ सुरू केली. त्यांचा निकष शैली नव्हता. पिंपातच दुसऱ्यांदा आंबणारी, बाहेरचा गॅस न लावता वाढलेली बिअर ती खरी, हा होता. दुसरा धागा मायकल जॅक्सन यांचा. गायक नव्हे, यॉर्कशरमधला पत्रकार. 1977 च्या त्यांच्या जागतिक बिअरवरच्या पुस्तकाने देशोदेशींच्या बिअर शैलींमध्ये मांडल्या आणि अमेरिकेतल्या घरगुती ब्रुअरांनी ते पुस्तक डोक्यावर घेतले. स्पर्धा भरवायच्या तर गुण देण्यासाठी नियम हवेत. 1985 मध्ये तिथे परीक्षकांची बीजेसीपी ही संघटना उभी राहिली. तिच्या 2021 च्या तक्त्यात ऑर्डिनरी बिटर 3.2 ते 3.8 टक्के, बेस्ट 3.8 ते 4.6, स्ट्राँग 4.6 ते 6.2. गोल्डन एललाही स्वतंत्र घर मिळाले आहे. ही एल पिढीदीड पिढीपूर्वीची, लागरकडे वळलेल्या तरुणांना परत आणण्यासाठी केलेली. सॉल्झबरीच्या हॉप बॅकची समर लाइटनिंग 1989 मधली.

या तक्त्याला मी विरोध करत नाही. पन्नास ग्लास ओळीने मांडून न्याय करायचा असेल तर रेषा आखाव्याच लागतात, आणि नवख्याला त्यांचा आधार होतो. माझा आक्षेप त्या रेषा मागे, भूतकाळावर ओढण्याला आहे. 1850 ची माइल्ड 2021 च्या रकान्यात बसत नाही म्हणून ‘शैलीबाह्य’ ठरवणे म्हणजे पणजोबांना नातवाच्या आधार कार्डाने ओळखायला जाणे. म्हणून या पुस्तकात प्रकरणे तक्त्याच्या क्रमाने लावलेली नाहीत. प्रत्येक प्रकाराची घनता दशकादशकाने दिली आहे आणि तक्ता शेवटी जोडला आहे, लागेल तेव्हा पाहण्यासाठी.

आपल्याकडच्या वाचकाला आणखी एक अडचण आहे. यांतल्या बहुतेक बिअर त्याने चाखलेल्या नसणार. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरला, वाळूजच्या वसाहतीत, देशातल्या मोठ्या ब्रुअऱ्या आहेत, पण तिथून बाहेर पडते ती मुख्यतः लागर; थंड तापमानात, तळाशी बसणाऱ्या यीस्टने आंबवलेली. बिअर शॉपीत तिचे दोनच भेद : माइल्ड आणि स्ट्राँग, म्हणजे पाच टक्क्यांपर्यंतची आणि पाचच्या वरची, आठपर्यंतची. ही विभागणी अबकारी नियमांची आहे, ती चवीबद्दल काहीही सांगत नाही, आणि गिऱ्हाईकही त्याच शब्दांत मागणी करते. 1782 च्या इंग्लंडमधला करवसुली अधिकारी आपल्या दुकानासमोर उभा राहिला तर त्याला पाटी वाचायला वेळ लागणार नाही. दारूबंदीच्या 1949 च्या कायद्याखाली परमिट रूममध्ये बसून परवान्याने पिण्याची आपली पद्धत मात्र त्यालाही नवी वाटेल.

एल, म्हणजे उबदार तापमानात, वर तरंगणाऱ्या यीस्टने आंबवलेली बिअर, प्यायची तर पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींकडे जावे लागते. त्यांतली आद्य म्हणावी अशी, 2009 मध्ये पुण्यात सुरू झालेली, ‘डुलाली’ हे नाव लावते. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई जिथे कंटाळून वेडेपिसे होत, ती नाशिक जिल्ह्यातली देवळालीची छावणी या नावामागे आहे. तिथे किंवा अन्यत्र फळ्यावर इंडिया पेल एल लिहिलेले दिसेल, पण तिच्यात बहुधा अमेरिकी हॉप्स असतील आणि संत्र्या-आंब्याचा वास येईल. तीही खरीच. ती ऑलसॉपची नाही एवढेच; अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी तिचा पुनर्जन्म झाला.

वाचताना घनतेचे आकडे वगळू नयेत, ही विनंती. ते रुक्ष दिसतात, पण व्हिटब्रेड, बार्कले पर्किन्स आणि ट्रूमन यांच्या वह्या लंडनच्या दप्तरखान्यात जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्या वह्यांतले आकडे जाहिरातींइतके खोटे बोलत नाहीत. पहिले प्रकरण पोर्टरचे आहे. सर्वांत जास्त कागद तिचेच उरले आहेत.